देव डोंगरावर, ग्रंथ देव्हाऱ्यात

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगरावर, ठाकूरदेवाची यात्रा भरते. भोवतालच्या सत्तर गावांचे माडिया गोंड रानवाटा तुडवीत तेथे जमतात, देवाचा मान करतात आणि त्याच यात्रेत इलाख्याची सभा भरवून जंगल, जमीन व खाण यांसंबंधी खल करतात. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी आम्हां शहरवासीयांचीही एक यात्रा भरते. २६ जानेवारीस ध्वज फडकतो, मुलांकडून संविधानाची उद्देशिका म्हणवून घेतली जाते, ग्रंथाच्या प्रतिकृतीस हार पडतो आणि दुपारपर्यंत सारी मंडळी घरोघर पोहोचलेली असतात. या दोन यात्रांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे आमच्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल. आमच्या मते तो संबंध अत्यंत निकटचा आहे. किंबहुना भारतीय संविधानावरील आमच्या भक्तीचे मोल ठरवावयाचे झाल्यास सूरजागडच्या पायथ्याइतकी योग्य जागा दुसरी सापडणार नाही.

ही भक्ती अलीकडच्या काळात किती वाढली आहे, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून २०१५ पासून देशभर पाळला जातो. महाराष्ट्रातील शाळांत उद्देशिकेचे सामुदायिक वाचन २०२० मध्ये सरकारी फर्मानाने नेमाचे झाले. लग्नपत्रिकेवर उद्देशिका छापणारी घरे आज खेड्यापाड्यांतही आढळतात. २०१० साली गुजरातेत सुरेंद्रनगर येथे संविधानाची भव्य प्रतिकृती हत्तीवर ठेवून मिरवणूक निघाली होती. त्या मिरवणुकीत पायी चालणारे मुख्यमंत्री पुढे पंतप्रधान झाले आणि ७ जून २०२४ रोजी जुन्या संसदगृहाच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांनी संविधानाची प्रत मस्तकी लावून तिला वंदन केले. त्याच महिन्यात विरोधी बाकांवरील खासदारांनी खिशात मावणारी लाल वेष्टनाची प्रत उंचावून सदस्यत्वाची शपथ घेतली. कोणता पक्ष खरा भक्त आणि कोणता दांभिक हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. दोन्ही बाजूंना एकाच मूर्तीची आवश्यकता भासली, एवढीच गोष्ट आमच्या प्रयोजनास पुरेशी आहे.

आणि हा केवळ पुढाऱ्यांचा खेळ आहे, असे समजणेही चुकीचे होईल. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि दुसऱ्या दिवशी सारे शहर पेटले. पुढे न्यायालयीन कोठडीत असलेल्या एका विधिशाखेच्या विद्यार्थ्यास प्राण गमवावे लागले. कायद्याच्या पुस्तकाच्या सिमेंटी प्रतिमेस धक्का लागताच ज्या समाजाच्या काळजास धक्का लागतो, त्या समाजाने त्या पुस्तकास कायद्याहून काही अधिक मानले आहे, हे उघड आहे. सुशिक्षितांना यात अंधश्रद्धा दिसते. आम्हांस ती दिसत नाही. ज्यांना हजारो वर्षांच्या पोथ्यांनी उंबऱ्याबाहेर उभे केले, त्यांना पहिल्या प्रथम ज्या पोथीने घरात घेतले, तिला त्यांनी कपाळी लावले तर त्यात नवल कसले? ज्यांना घरातच जन्म मिळाला, त्यांनी या भावनेस हसण्याचे कारण नाही.

तथापि राष्ट्राच्या घटनेस धर्मग्रंथाचे स्थान देण्याची ही रीत आपण काढलेली नाही, याचीही नोंद घ्यावयास हवी. रूसोने १७६२ मध्ये आपल्या सामाजिक करारविषयक ग्रंथाच्या अखेरीस नागरी धर्माची कल्पना मांडली. १८३८ मध्ये अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या लिंकनने स्प्रिंगफील्ड येथील व्याख्यानात, कायद्याविषयीचा आदर हा अमेरिकेचा राजकीय धर्म व्हावा, असे प्रतिपादिले. रॉबर्ट बेला या समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये त्याच धर्माची चिकित्सा केली. १९५२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या घटनेची मूळ पाने समारंभपूर्वक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हलविण्यात आली. आजही लोक रांगा लावून काचेआडून त्यांचे दर्शन घेतात. आमच्याकडेही प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या सुवाच्य हस्ताक्षरातील आणि नंदलाल बोस व त्यांच्या शिष्यांनी चितारलेली मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात विशेष वायूने भरलेल्या पेटीत जपलेली आहे. परंतु त्याच अमेरिकेत जेफर्सनने १८१६ मध्ये एका पत्रात या सोवळ्या भक्तीची थट्टा केली होती, आणि १८५४ च्या ४ जुलैस गॅरिसनने गुलामगिरीला आश्रय देणारी म्हणून घटनेची प्रत भरसभेत जाळली होती. स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने मात्र गॅरिसनची साथ सोडली आणि तीच घटना गुलामांच्या बाजूने वाचता येते, असा पक्ष घेतला. ज्याच्या पाठीवर वळ होते त्याने पुस्तक हाती धरले आणि ज्याच्या पाठीवर नव्हते त्याने ते जाळले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आमच्या संविधानाच्या शिल्पकाराचे या बाबतीत मत काय होते? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगितले, की धर्मात भक्ती हा मोक्षाचा मार्ग असेलही, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. तो इशारा व्यक्तिपूजेविरुद्ध होता हे खरे. परंतु ग्रंथपूजेसही तो लागू पडत नाही असे कोण म्हणेल? १९५३ मध्ये राज्यसभेत, हे संविधान जाळणारा पहिला माणूस मी होईन, असे उद्गार त्यांनी काढले. १९५५ मध्ये त्याचा जाब विचारला गेला तेव्हा त्यांनी मंदिराचाच दृष्टांत दिला: आपण देवासाठी मंदिर बांधले, परंतु देवाची स्थापना होण्यापूर्वीच असुराने ते बळकावले, तर मंदिर पाडण्यावाचून दुसरे काय करणार? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि १६ तारखेस बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या चांद्यास येऊन तेथेही धम्मदीक्षा दिली. सूरजागडचा डोंगर त्या वेळी त्याच चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा निराळा झाला तो १९८२ मध्ये. त्या बावीस प्रतिज्ञांत संविधानाचा उल्लेख नाही. माणसाला धर्म लागतो हे बाबासाहेबांना मान्य होते. परंतु आपण रचलेल्या राज्यघटनेला त्यांनी धर्म केले नाही. मंदिरात देव आला की नाही, हे मात्र ते अखेरपर्यंत विचारीत राहिले.

तोच प्रश्न आम्ही सूरजागडास विचारू इच्छितो.

या डोंगराच्या पोटात उच्च प्रतीचे लोहखनिज आहे. ३४८ हेक्टरांहून थोड्या अधिक क्षेत्राचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स या कंपनीस २००७ मध्ये मिळाला. माओवाद्यांच्या दहशतीमुळे काम कित्येक वर्षे सुरूच होऊ शकले नाही. २०१३ मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यासह तिघांची हत्या झाली, आणि खनिज निघू लागताच २०१६ च्या डिसेंबरात पंचाहत्तरांहून अधिक वाहने एका दिवसात जाळण्यात आली. २०२१ पासून खाण पुन्हा सुरू झाली ती वाढत्या वेगाने. २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यास पर्यावरणीय मंजुरी मिळाली. खाणीने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच इलाख्यातील शेकडो तरुण आज तेथे मजुरी कमावतात, आणि ज्या भागात नोकरी म्हणजे परक्या मुलखाची गोष्ट होती तेथे महिन्याचा पगार ही क्षुल्लक बाब नव्हे. विकासास विरोध करणारे हे मूठभर आणि चिथावलेले लोक आहेत, हा सरकारी ठेका आम्ही मानीत नाही. पण सत्तर गावांच्या मुखी एकच शब्द आहे असेही सोयीस्करपणे गृहीत धरीत नाही. प्रश्न लोखंड काढावे की नाही एवढाच असता तर तो अर्थतज्ज्ञांवर सोपविता आला असता. परंतु ज्या डोंगराचे लोखंड निघते तो डोंगर कोणाचा तरी देव आहे, आणि त्या लोकांस ‘तुमचा देव खोदू का?’ असे त्यांच्या सभेत रीतसर विचारले गेले काय, हा खरा प्रश्न आहे.

येथे ज्या ग्रंथास आम्ही हार घालतो तो उघडावा लागतो, आणि उघडल्यावर त्यात बरेच काही सापडते. एटापल्ली तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अनुच्छेद २४४ आणि पाचवी अनुसूची त्यास लागू आहेत. संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा तेथे लागू करू नये अथवा फेरफार करून लागू करावा, असे फर्मान काढण्याचा अधिकार या अनुसूचीने राज्यपालांस दिला आहे आणि त्या प्रदेशाच्या कारभाराविषयी राष्ट्रपतींस अहवाल पाठविण्याचे कर्तव्यही त्यांच्यावर टाकले आहे. अनुच्छेद २५ उपासनेचे स्वातंत्र्य देतो, ते केवळ भिंती आणि कळस असलेल्या देवळांपुरते नाही. अनुच्छेद १३ ‘कायदा’ या शब्दाच्या अर्थात रूढीचाही समावेश करतो. १९९६ मध्ये संसदेने अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायतीचा खास कायदा केला, ज्यास सर्वत्र ‘पेसा’ म्हणतात. ग्रामसभेस आपल्या चालीरीती, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे सोडविण्याच्या पद्धती यांचे रक्षण करण्यास त्याने समर्थ मानले. मात्र महाराष्ट्र सरकारला त्याचे नियम करावयास २०१४ साल उजाडावे लागले. कायद्याच्या जन्मापासून नियमांच्या बारशापर्यंत अठरा वर्षे! त्याच काळात उद्देशिकेची पारायणे सुरू करण्यास सरकारला इतका वेळ लागला नाही.

आणि नियम झाले तरी अडचण संपली नाही. पेसा कायदा खाणीसाठी ग्रामसभेची शिफारस मागतो ती गौण खनिजांपुरती. वाळू, मुरूम, दगड ही गौण. लोखंड हे प्रमुख. म्हणजे गावाच्या नाल्यातील रेतीविषयी ग्रामसभेचा शब्द आवश्यक, पण गावाचा देव ज्या खनिजाचा बनलेला आहे त्याविषयी नाही! उरला वनहक्क कायदा. तो २००६ च्या डिसेंबरात संमत झाला, त्याचा अंमल २००७ च्या अगदी अखेरीस सुरू झाला, आणि वनजमीन वळविण्यापूर्वी ग्रामसभांची संमती घ्यावी असे केंद्राने २००९ मध्ये बजावले. सूरजागडचा पट्टा तोवर होऊन गेला होता. २०२२ च्या ऑक्टोबरात उत्खननवाढीसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली ती कोठे? गडचिरोलीस, डोंगरापासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर. अशी सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ घ्यावी, असे २००६ ची अधिसूचना सांगते. सुरक्षेचे कारण पुढे करण्यात येते. खनिजाची शेकडो वाहने ज्या रस्त्याने रोज सुरक्षितपणे ये-जा करू शकतात, त्याच रस्त्याने सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांची एक मोटार का जाऊ शकत नाही, याचा उलगडा आम्हांस तरी झालेला नाही.

यापूर्वी, २०२१ च्या ऑक्टोबरात, हजारो आदिवासींनी एटापल्लीस ठिय्या दिला होता. २०२३ मध्ये त्याच तालुक्यातील तोडगट्टा येथे नियोजित खाणींविरुद्ध लोक महिनोनमहिने बसून होते. नोव्हेंबरात पोलिसांनी ते आंदोलन उठविले. या आंदोलकांच्या हाती बंदुका नव्हत्या. त्यांच्या तोंडी पाचवी अनुसूची, पेसा, वनहक्क आणि ग्रामसभेचा ठराव हेच शब्द होते. ज्यांनी संविधान मानलेच नाही, अशा सशस्त्र लोकांशी चार दशके लढून सरकार तरी त्यांना काय सांगत आले? शस्त्र टाका, संविधान हाती घ्या. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्यानंतर दोन दिवसांनी पलीकडे जगदलपूरला २१० जण शरण आले तेव्हा प्रत्येकाच्या हाती संविधानाची प्रत आणि एक गुलाबाचे फूल देण्यात आले. प्रसंग खरोखर मोठा होता आणि त्यामागील जवानांच्या प्राणांचे मोल आम्ही विसरत नाही. परंतु ज्यांनी शस्त्र कधी उचललेच नाही आणि तो ग्रंथ आधीपासूनच हाती धरला होता, त्यांच्या वाट्यास गुलाब का येऊ नये?

स्वतःच्या ग्रंथाचे सरकारला भय वाटावे, असा विलक्षण प्रसंग झारखंडात घडून गेला आहे. २०१७-१८ मध्ये खुंटी परिसरातील मुंडा गावांनी वेशीवर भल्या मोठ्या शिळा उभ्या करून त्यांवर पाचव्या अनुसूचीतील आणि पेसातील तरतुदी कोरल्या. तेथे पूर्वजांच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची प्रथा आहे. आमच्या माडियांतही मृतांसाठी दगड उभे करतात. त्या शिळांवरील काही अर्थ ओढूनताणून लावलेले होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यावर उत्तर मिळाले ते हजारो लोकांवर राजद्रोहाच्या कलमाखाली गुन्हे दाखल करून! ते खटले मागे घेण्याचा निर्णय २०१९ च्या डिसेंबरात, सरकार बदलल्यावर, झाला. नगरातील चौकात संगमरवरावर कोरलेली उद्देशिका हे राष्ट्रप्रेम, आणि रानातील वेशीवर दगडावर कोरलेली पाचवी अनुसूची हा राजद्रोह, ही विभागणी कोणत्या शास्त्रात बसते?

आक्षेप असा येईल, की खुद्द बाबासाहेबांचा खेड्यावर विश्वास नव्हता. तो नव्हताच. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी खेड्यास संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हटले आणि मसुद्याने खेडे टाकून व्यक्ती हा घटक स्वीकारला याबद्दल समाधान व्यक्त केले. गावकुसाबाहेरचा जन्म ज्याने भोगला, त्याच्या तोंडी हा शब्द यथार्थ होता. पण त्याच घटना परिषदेत जयपालसिंग मुंडा यांनी १९४६ च्या डिसेंबरात बजावले होते, की आदिवासींना लोकशाही शिकविण्याची गरज नाही, ती त्यांच्याकडूनच शिकावयाची आहे. दोघेही आपापल्या गावाविषयी खरे बोलत होते. ज्या गावात महारवाडा वेगळा काढलेला असतो ते गाव आणि ज्या इलाख्यात गोटुलाच्या अंगणात सारे एकत्र बसतात तो इलाखा, यांना एक माप लावता येत नाही. म्हणूनच संविधानकर्त्यांनी पाचवी अनुसूची निराळी लिहिली. अर्थात, त्या अंगणात बायांचा आवाज पुरुषांइतका ऐकला जातो काय, हे विचारण्याचा हक्क संविधानच देते, आणि तेही विचारलेच पाहिजे.

पूजेवाचूनही हा ग्रंथ चालविता येतो, याचा दाखला शोधावयास दूर जावे लागत नाही. याच गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटेसे गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने या गावाने काही दशके एकच गोष्ट चिकाटीने केली: प्रत्येक निर्णय साऱ्यांच्या संमतीने करावयाचा, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात बसून त्या विषयाचा कायदा समजून घ्यावयाचा. बहुमताने हात वर करून मोकळे होण्याची आमची शहरी घाई तेथे चालत नाही; एकाचेही समाधान झाले नसेल तर विषय पुढच्या सभेकडे जातो. २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना झाली. कागद मिळाला तरी बांबू विकावयाचा झाल्यास वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती! गावाने तोही प्रश्न धसास लावला. २०११ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. आज जिल्ह्यातील हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. देशाच्या राजधानीत जे सरकार आहे ते आमचे, आणि गावात आम्हीच सरकार, अशा आशयाची त्या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. उद्देशिकेचा पहिला शब्द ‘आम्ही’ हा आहे. त्याचा अर्थ मेंढ्यास जितका समजला तितका तो रोज सकाळी प्रार्थनेच्या रांगेत घोकणाऱ्या आमच्या मुलांना समजला आहे काय? त्यांना तो समजावा यासाठी आम्ही तरी काय केले?

सूरजागडच्या बाबतीत सरकारने काय करावे, हे सांगण्यास नवा सिद्धांत शोधावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१३ मध्येच घालून दिला आहे. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट प्रकरणी १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की त्या डोंगरावरील डोंगरिया कोंध आदिवासींचे धार्मिक व सांस्कृतिक हक्क बाधित होतात किंवा नाही, याचा विचार ग्रामसभांनी करावा. त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसात जिल्हा न्यायाधीशांच्या देखत बारा गावांच्या सभा झाल्या आणि बाराही गावांनी खाण नाकारली. देव कोठे राहतो याची साक्ष कंपनीच्या तज्ज्ञाने किंवा सचिवालयाच्या टिपणीने न देता, त्याच्या भक्तांनीच द्यावी, हे या देशाच्या न्यायालयाने मान्य केले. ठाकूरदेवाच्या भक्तांपुढे हा प्रश्न त्या रीतीने कधीच मांडला गेला नाही. कदाचित सर्व सत्तर गावे नकार देणार नाहीत. काही गावे मजुरीचा, रस्त्याचा, रुग्णालयाचा विचार करून संमती देतील, काही अटी घालतील, काही डोंगराचा माथा वगळावयास सांगतील. जे काही सांगतील ते त्यांचे असेल.

तेव्हा आमची मागणी अगदी साधी आहे. सूरजागड परिसरातील कोणत्याही नव्या पट्ट्याचा अथवा उत्खननवाढीचा प्रस्ताव पुढे नेण्यापूर्वी प्रत्येक बाधित गावाची ग्रामसभा त्या गावातच, माडिया भाषेत, जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत भरवावी. सारी कागदपत्रे महिनाभर आधी मराठीत आणि माडियांस समजेल अशा बोलीत गावापुढे वाचावीत. सभेच्या दिवशी पोलीस बंदोबस्त हाकेच्या अंतरावर असावा, सभेच्या मधोमध नसावा. आणि जो ठराव होईल तो राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालील आपल्या अहवालास जोडून राष्ट्रपतींकडे पाठवावा. २०२० मध्ये वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांस अपिलाची वाट मोकळी करण्यासाठी महाराष्ट्राच्या राज्यपालांनी याच अनुसूचीचा अधिकार वापरला होता, म्हणजे तो अधिकार गंजलेला नाही. सभेसाठी मुहूर्त शोधण्याचीही गरज नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सत्तर गावांचे लोक त्या डोंगरावर जमतातच. शासनाने तेवढे त्यांच्याकडे चालत जावे, आणि जाताना ग्रंथाची एक प्रत बरोबर न्यावी, हार न घालता, वाचण्यासाठी.